मोटी जमणी, नानी डाबी

“बाबा, तुम्हाला गाडीतलं स्टिअरिंग सोडून दुसरं काही येतं का हो?”

प्रश्न श्रुतिकाचा नव्हता. कबड्डीच्या सरावानंतर टीममधल्या जिवलीने तो काढला होता आणि “विचारून दाखव, मग तुला कॅप्टन म्हणू” अशी पैज अख्ख्या टीमने लावली होती. दहावीतली श्रुतिका गेला महिनाभर कशालाच घाबरत नव्हती. शनिवारी सकाळी आठ वाजता, बाबांच्या हातात खारी असताना, तिने विचारून टाकलं.

तिथेच घात झाला. कारण सूर्यकांतराव चहा संपवून गाडी गॅरेजला नेणार होते. वायपरची नवी ब्लेडं कालच आणून ठेवली होती, बसवायला दहा मिनिटं पुरली असती. अकरा वाजता तलासरीला, तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, नव्या पालघर जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डी संघाची निवड होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि जुनी ब्लेडं काच पुसायची सोडून नुसती किरकिरत होती. एसटीने एकटीने जायचं तर घरात नावही काढायची सोय नव्हती. शाळेच्या पलीकडे श्रुतिका जायची ती बाबांच्या गाडीतूनच. गाडी निघाली नाही तर निवड गेली, आणि निवड गेली की हे वर्षही गेलं.

सूर्यकांतरावांनी खारी चहात बुडवली ती तिथेच विरघळली. “काही येतं का म्हणजे? गॅरेज कॅन्सल. ब्लेडं मी बसवणार. घरी!”

पोर्चमध्ये त्यांनी दोन्ही नवी ब्लेडं बाहेर काढली. एक लांब, एक आखूड. कुठलं कुठे? त्यांनी स्पेअर पार्टवाल्या चिमणभाईंना फोन लावला, स्पीकरवर. दोन वर्षांपूर्वी सांगोल्याहून बदली होऊन डहाणूला आल्यापासून आपल्याला गुजराती उत्तम येतं, असा त्यांचा समज होता.

“साहेब, सिंपल छे! मोटी जमणी, नानी डाबी. बस!” चिमणभाईंच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. फोन बंद.

“ऐकलंस? मोठं जमेल तिथे लावायचं, आणि लहान दाबून बसवायचं.”

“अहो बाबा, जमणी म्हणजे उजवी! डाबी म्हणजे डावी. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुली गुजराती आहेत.”

“वर्गातलं गुजराती वेगळं, मार्केटचं वेगळं. दोन वर्षं बोलतोय मी या लोकांशी.”

“एरवी ते तुमच्याशी मराठीत बोलतात!”

“श्रुती,” स्वयंपाकघरातून अहिल्याबाई ओरडल्या, “बापाशी असं बोलतात?”

“मी पण मराठीतच बोलतेय, आई!”

मोठं ब्लेड डावीकडे जमलं. लहान उजवीकडे दाबलं. सूर्यकांतरावांनी ते इतक्या निष्ठेने दाबलं की आतली प्लास्टिकची खिट्टी कट् करून बोलली.

“बसलं!” ते म्हणाले आणि आत जाऊन बटण फिरवलं.

दोन्ही वायपर झोकात उठले, मध्यावर भेटले आणि एकमेकांना असे भिडले की सुटेचनात. श्रुतिकाला वाटलं, पकड अशी पाहिजे. सूर्यकांतरावांनी बटण बंद करून ओढाताण केली. वायपर सुटले, पण लहान ब्लेड त्यांच्या हातातच आलं. उजवीकडची नुसती दांडी आभाळाकडे बोट दाखवत उभी राहिली.

“बाबा, काचेवर टॉवेल टाका. दांडीला स्प्रिंग असते, आपटली तर काच जाईल. व्हिडिओत दाखवलंय.”

“मग त्या व्हिडिओवाल्यालाच सांग तलासरीला सोडायला!”

एवढ्यात शेजारच्या पुष्पाकाकू डोकावल्या. “वायपर मोडला का? थांबा, माझ्याकडे अगदी नवा आहे!” आणि त्या धावत घेऊन आल्या तो बाथरूम पुसायचा वायपर. निळा, लांब दांड्याचा, वर किमतीचं लेबल.

श्रुतिका हसली. सूर्यकांतराव हसले नाहीत. ते दांड्याची लांबी बघत होते.

“अहिल्या, इकडे ये. तू माझ्या मागच्या सीटवर बसायचं. खिडकीतून हात काढून, मी सांगेन तेव्हा पुसायचं.”

“अहो, तलासरीपर्यंत? लोक काय म्हणतील?”

“एवढ्या पावसात कुणाला दिसतंय?”

“सगळ्यांना दिसेल,” श्रुतिका म्हणाली. “त्यांचे वायपर चालू असतात!”

पण रंगीत तालीम झालीच. अहिल्याबाई पदर खोचून मागे बसल्या. “पूस!” म्हटल्यावर त्यांनी पहिला हात मारला तो पुष्पाकाकूंच्या छत्रीवर बसला. “जरा जोरात!” दुसरा त्या उभ्या दांडीवर बसला. दांडी खाडकन काचेवर आली. एक बारीक रेघ उमटली, ड्रायव्हरच्या बरोबर डोळ्यांसमोर, आणि बघता बघता तिला फांद्या फुटल्या.

पुष्पाकाकूंनी आपला वायपर हलकेच खिडकीतून काढून घेतला. “मला बाथरूम धुवायचंय,” म्हणाल्या आणि गेल्या.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. सूर्यकांतरावांनी घसा खाकरला. “काय आहे श्रुती, निवड काय, पुढच्या वर्षीही असतेच.”

“पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही.”

“पण एकटी कशी जाणार गं तू?” अहिल्याबाई गाडीतूनच म्हणाल्या. “पोरीची जात. बाहेर काही झालं म्हणजे?”

श्रुतिकाने फुटलेल्या काचेकडे पाहिलं. मग आत गेली, बूट चढवले, पाठीला सॅक लावली, छत्री घेतली आणि पोर्चमध्ये येऊन दोघांसमोर उभी राहिली.

“आई, बाबा, नीट ऐका. साडेनऊला तलासरीची एसटी आहे. मी तिने चालले. एकटी. आणि निवड झाली तर सरावालाही एसटीनेच जाणार. सहाच्या आत घरी येते. तोवर तुम्ही दोघांनी शहाण्यासारखं घरात बसायचं, गाडीला हात लावायचा नाही, आणि बाहेरच्या कुणी काही दिलं तर घ्यायचं नाही.”