दुखापत नाही

दस्तगीर मुल्लाणी आमच्या दैनिकात संगीताची समीक्षा लिहितात आणि त्यांच्या प्रत्येक समीक्षेचं शेवटचं वाक्य एकच असतं : 'कार्यक्रमात कोणाही कलावंतास दुखापत झालेली नाही.' मग ते सतारवादन असो, भावगीतं असोत, नाहीतर शाळेतल्या मुलींचं समूहगान असो. रविवारच्या पुरवणीची संपादक मी. दर आठवड्याला मी ते वाक्य कापते आणि पुढच्या आठवड्याला ते हरळीसारखं पुन्हा उगवून येतं.

एकदा मी त्यांना समोर बसवून विचारलं, की मामा, सतार वाजवताना माणसाला दुखापत होईलच कशी? त्यांनी शांतपणे मान हलवली. "तेच लिवलंय की ताईसाहेब, झाली न्हाय म्हणून." मी लाल पेन उचललं.

दस्तूमामा मूळचे मुरगूडचे, आता राहायला इथं शहरात, मंगळवार पेठेत. उमेदीत त्यांनी कुस्त्या केल्या, मग गुडघा गेला आणि हातात माइक आला. पुढचा सगळा जन्म जत्रांच्या मैदानांत कुस्तीचं निवेदन करण्यात गेला. पैलवान कुठल्या गावचा, कुणाचा पोरगा, वस्ताद कोण, खुराक काय, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पण मैदानांत नवी पोरं आली, मोठाले पडदे आले आणि मामांना बोलावणं येईनासं झालं. नेमके त्याच सुमाराला आमचे जुने समीक्षक लेकाकडे पुण्याला राहायला गेले. आमच्या मालकांना कुस्तीचं वेड. ते म्हणाले, दस्तू रिकामाच हाय, त्याला लिवू दे. मी म्हटलं, त्यांना संगीतातलं काय कळतं? मालक म्हणाले, बघितलेलं सांगता येतं त्याला, तुमच्यात कितीजणांना येतं? मालकांपुढं कुणाचं चालतंय?

पहिलीच समीक्षा एका नामवंत गायिकेची होती. मामांनी तिचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, गुरूच्या जागी 'वस्ताद' लिहिलं आणि पुढं 'वजन अंदाजे' म्हणून एक आकडाही घातला. मी त्या दिवशी रजेवर होते. सोमवारी बाईंचा फोन आला. वजन छापलं याचा त्यांना राग नव्हता, अंदाज चढा धरला याचा होता. तेव्हापासून मी रविवारच्या आधी रजा घेत नाही.

आणि मग आली 'पांढरी चार'. हा आमच्याच इकडच्या चार पोरांचा बँड, नाव पेटीच्या पट्टीवरून घेतलेलं. मध्ये पियानो, तो वाजवणारी आणि गाणारी कबनूरची रेश्मा. बाकी तिघं पोरं, एक गिटारवर, एक ड्रमवर आणि एक हलगीवर. ही मंडळी ब्लूज वाजवता वाजवता पॉपमध्ये शिरतात, तिथून मध्येच भजनाच्या ठेक्यावर जातात आणि परत येताना हलगी कडाडते. हे ऐकून जाणती माणसं गोंधळतात. मामा पहिल्याच कार्यक्रमाला खुर्चीतून उठून उभे राहिले आणि शेवटपर्यंत बसलेच नाहीत. मागच्या लोकांनी आरडाओरडा केला तरी नाहीत.

त्यांनी लिहिलं : 'डावा हात जमीन धरून उभा. हलत नाही. उजव्या हातानं मात्र घिस्सा मारून प्रेक्षक चीत. तिसऱ्या गाण्यात हलगीनं पियानोचा पट काढला, पियानोनं वरच्या वर तोड काढली. पंच असते तर गुण दोघांना गेले असते.' खाली अर्थातच दुखापत नाही.

घिस्सा काय, पट काय, सगळे कुस्तीचे डाव. आता हे मी कसं छापू? ब्लूज म्हणजे काय हे वाचकाला जरा सांगा, असं मी सुचवलं. मामांनी विचार केला. "पॉप म्हंजे जिंकलेल्या पैलवानाची मिरवणूक. आन ब्लूज म्हंजे हारलेला गडी परतीच्या वाटंला एकटाच गुणगुणतो, ते. ही पोरगी दोन्ही एकाच गाण्यात घालती. गंमत हाय व्हय ती?" मी म्हटलं, मामा, हे असं लिहीत नाहीत. ते म्हणाले, मग कसं लिवत्यात? मी त्यांना पुण्याच्या अंकांतली कात्रणं वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. सगळी वाचली होती. "चांगलं हाय," म्हणाले, "पर वाजवलं काय ते कुणीच लिवल्यालं न्हाय." शेवटी डावपेचांसकट छापलं, फक्त शेवटचं वाक्य कापून.

मामा त्या पोरांच्या मागेच लागले. प्रत्येक कार्यक्रमाला हजर. रेश्माचा खुराक काय म्हणून चौकशी केली, ती सकाळी दोन बिस्किटं खाते हे कळल्यावर बदामाची थंडाई घेऊन तालमीला जाऊ लागले. बँडच्या सरावालाही ते तालीमच म्हणत. पोरांनाही त्यांचा लळा लागला, पण समीक्षेचं नाव काढलं की तीही कपाळावर हात मारत.

एके दिवशी रेश्मा माझ्याकडे आली. बंगळूरला एक मोठा संगीत महोत्सव असतो, तिथं नव्या बँडना अर्ज करता येतो. सोबत समीक्षकांनी काय म्हटलंय त्याची कात्रणं जोडायची. आमच्यावर आजवर लिहिलंय ते फक्त मामांनी, ती म्हणाली. ते वाचून महोत्सववाल्यांना वाटेल आम्ही आखाड्यात उतरतो. येत्या कार्यक्रमावर तेवढं नीट, सरळ लिहून येईल का? मामांना दुखवू नका मात्र. तिची दोन वर्षांची मेहनत त्या अर्जावर होती, हे तिनं सांगितलं नाही, पण दिसत होतं.

मी मामांना बोलावून बजावलं, की या वेळी डाव नाही, पेच नाही, वजन नाही, खुराक नाही आणि ते शेवटचं वाक्य तर मुळीच नाही. पोरीचं भवितव्य आहे. मामा गंभीर झाले. तुमचा सबूद मोडायचा न्हाय, म्हणाले. मला जरा बरं वाटलं, आणि तिथंच मी चुकले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

कार्यक्रमाला खरा पियानो हवा होता. एका जुन्या शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये तो होता, तो टेंपोतून आला. उतरवायला मामांनी पेठेतल्या तालमीचे पैलवान आणले. चाकांची गाडी आणली होती, तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. चौघांनी उचलायचा पियानो दोघांनीच उचलून स्टेजवर नेला आणि उरलेले दोघं आपल्याला हात लावू दिला नाही म्हणून रुसून बसले. त्यांची समजूत काढायला अर्धा तास गेला. मी बाजूला उभी राहून रक्तदाब मोजावा म्हणत होते.

मग सगळे पांगले आणि मामा एकटेच पियानोजवळ राहिले. नवा गडी पहिल्यांदा आखाड्यात उतरतो तेव्हा तालमीची चिमूटभर माती कपाळाला लावायची, ही तिकडची रीत. मामांनी खिशातून पुडी काढली. पियानोला कपाळ कुठं असतं? त्यांनी माती पट्ट्यांना लावली. तालमीची माती साधी नसते, तिच्यात तेल, ताक, हळद मुरवलेली असते. तिचा एक खडा दोन पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसला. हे आम्हांला नंतर कळलं.

दुसऱ्याच गाण्यात मधली एक पट्टी खाली गेली ती वर येईना. रेश्मानं दोनदा ठोकून बघितलं. गाणं थांबलं. मी मामांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या दांड्या धरून बसले होते, उठले नाहीत. रेश्मानं नख घालून ती पट्टी उचकटली आणि लगेच पुढं वाजवायला लागली. पट्टी वर आली, पण तिच्यातला सूर काही नीट निघेना. तर पुढचं सगळं गाणं तिनं त्या एका सुराला वळसा घालत नेलं. जिथं तो यायचा तिथं ती क्षणभर थांबायची, आणि सगळं सभागृह तिच्याबरोबर थांबायचं. मला संगीतातलं फारसं कळत नाही, पण माझे डोळे भरून आले. कार्यक्रम संपल्यावर दिसलं, की तिचं अर्धं नख निघालं होतं आणि पांढऱ्या पट्ट्या रक्तानं माखल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा समीक्षा घेऊन कचेरीत आले. जिना चढताना त्यांचा गुडघा वाजतो, त्यावरून मला ते आलेले कळतात. कागद टेबलावर ठेवून ते स्टुलावर बसले. मी वाचलं. एकही डाव नव्हता. 'ब्लूज व पॉप या प्रवाहांचा आश्वासक संगम', 'पियानोचा परिपक्व वापर', सगळं त्या कात्रणांतून शिकलेलं. रेश्माला हवं होतं तसंच. माझा जीव भांड्यात पडला. आणि मग शेवट आला : 'रेश्मा यांच्या उजव्या हाताच्या बोटाचं नख निघालं आहे. पट्टी बांधली आहे. त्या हसून बोलल्या व जेवल्या. पियानोची पट्टी अडकली ती मातीनं, माती लावली ती प्रस्तुत समीक्षकानं. दोष त्याचा.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बरंच बोलले. हा महोत्सवाला जायचा कागद आहे, दवाखान्याचा नाही. तुम्हांला एवढं साधं सांगितलेलं कळत कसं नाही? मामा ऐकून घेत होते. माझं पेन त्या ओळींवर टेकलं, तेव्हा त्यांनी कागदावर हात ठेवला. दोन वर्षांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"वरचं सगळं कापा," ते म्हणाले. "एवढं ऱ्हाऊ द्या."

का, ते मी विचारलं. त्यांनी आपल्या कुस्तीच्या दिवसांतलं सांगितलं. पूर्वी बायका कुस्तीच्या मैदानात येत नसत. जत्रेत कर्णे लावलेले असायचे, त्यावरून घरी ऐकायच्या. मामा पहिली मोठी कुस्ती हरले तेव्हा कर्ण्यावरून एवढंच आलं, की मुल्लाणी आपटला. निवेदक पुढच्या जोडीकडे वळला. गुडघ्याला फेटा बांधून मामा दोस्तांबरोबर हिंडत राहिले, घरी गेले ते दिवेलागणीला. आई उंबऱ्यात बसून होती. चूल पेटवलेली नव्हती.

"माझ्या हातात माइक आला तवा ठरीवलं," ते म्हणाले, "कोन जिंकला ते समद्यास्नी कळतंय. घरात बसल्याल्या आईला येवडंच पायजे असतंय, की पोरगं उठून बसलं का न्हाय."

मी म्हटलं, पण मामा, आता कुठं कर्णे आहेत?

मग त्यांनी कबनूरचं सांगितलं. रेश्माची आई जन्मभर यंत्रमागावर कामाला राहिली. त्या खडखडाटात तिचे कान गेले. लेकीचा पियानो तिनं आजवर ऐकलेला नाही आणि पुढंही ऐकणार नाही. मला काय कळणार, म्हणून ती कार्यक्रमाला येत नाही. रविवारी मात्र पेपर घेते आणि लेकीच्या नावावर बोट ठेवून वाचते. या आईचा बाप पैलवान होता. तिला तुमचं आश्वासक काय कळणार, मामा म्हणाले, घिस्सा कळतो.

मी लाल पेन टोपणात घातलं. मग पुन्हा काढलं आणि वरचा आश्वासक संगम कापला. मामांना म्हटलं, कालचं गाणं कसं झालं ते तुमच्या पद्धतीनं सांगा, मी लिहून घेते. ते डोळे मिटून बोलत गेले. एक हात जायबंदी झालेला गडी उरलेल्या हातानं कुस्ती कशी बरोबरीत सोडवतो आणि मैदान त्यालाच कसं खांद्यावर घेतं, असं काहीतरी. ते सगळं मी लिहिलं आणि खाली नखाच्या ओळी जशाच्या तशा ठेवल्या. छापण्याआधी रेश्माला फोन करून वाचून दाखवलं, कारण अर्ज तिचा होता. तिनं नखाच्या ओळी पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाली, असंच जाऊ दे, मॅडम. महोत्सवाचं बोलावणं पुढं आलं. ते कशामुळं आलं हे मला माहीत नाही, पण बोलावणाऱ्यांनी पियानोबरोबर पैलवानही येणार का, असं विचारलं होतं.

त्या दुपारी मामा जायला उठले. गुडघा धरून दारापाशी गेले. बायको गेल्यापासून ते पेठेत एकटेच असतात, मुलगी बेळगावकडे दिलेली. उन्हाचे चालत जाणार होते, म्हणून मी कुणालाही म्हणते तसं सहज म्हटलं, पोचल्यावर फोन करा.

ते थांबले. "कुणाला?"

मला, मी म्हटलं. मग कुणाला?

ते जिन्यात जरा वेळ तसेच उभे राहिले. गुडघा एकेक पायरी वाजत खाली गेला.

आता ही ब्याद मी आपण होऊन ओढवून घेतलेली आहे. त्या दिवसापासून मामा रोज फोन करतात. बाजारातून आले की करतात, चहा पिऊन आले की करतात, मी बैठकीत असले तरी करतात. मालकांसमोर फोन वाजला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी चिडून उचलते, हॅलो म्हणायच्या आत पलीकडून मैदानातला तो खणखणीत आवाज येतो.

"दस्तगीर मुल्लाणी, गाव मुरगूड. घरी पोचला. दुखापत न्हाय."

एखाद्या दिवशी फोन यायला उशीर झाला, तर माझं कामात लक्ष लागत नाही.