सुखदेवभाऊंची मेणबत्ती

भर दुपारी कोटाच्या खिशातून मेणबत्ती काढून पेटवणारा माणूस वाशीमात एकच होता, आमचे शेजारी सुखदेवभाऊ. कुणाचं पोर वर्षाचं झालं की भाऊ दारात हजर. पोराच्या तोंडापुढे हातभर अंतरावर मेणबत्ती धरायची आणि बुबुळांत टक लावून पाहायचं. "दोन्ही डोळ्यांत ज्योत मधोमध पायजे. एकात मधात अन् दुसऱ्यात कडेले दिसली, तं डोळा तिरळा." बायका पोराला पदराखाली घेऊन आत पळायच्या.

भाऊंनी अर्धं आयुष्य नागपूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून काढलं होतं. डॉक्टरसाहेबांच्या हातात कात्री देता देता जे पाहिलं, ते आता पारावर फुकट वाटायचे. "डोळा म्हंजे बैल, गुरुजी. दोन्हीकून कासरे. आतला कासरा ताठ असला का बैल आत वळते. मंग बैलाले मारून काय होते? कासरा सोडाचा अन् जरासा मांगं बांधाचा. रेशमाच्या दोऱ्यानं." जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचा हाच उतारा. कुणाची सून रुसली, तरी सासूला सांगायचे, "वहिनी, कासरा ढिला करा."

मी पोट धरून हसायचो. मी शाळामास्तर, परीक्षा पास झालेला. आणि माझ्या लेकीचा, यमुनेचा, डावा डोळा आत वळलेला.

ती पाच वर्षांची असताना भाऊ मेणबत्ती विझवून म्हणाले होते, "आता न्या. लहानपणी केलं तं नजर बी वाचते. मोठेपणी डोळा सरळ होते, पन नजर गेली ते गेलीच."

"पोरीच्या डोळ्याले सुरी लावू काय?" मी म्हणालो. "जराशी तिरळी पोर भाग्याची असते. वयानं होईल सरळ." शिकलेल्या माणसाला अडाणीपणा करायचा असला की असलं काहीतरी बरोबर आठवतं.

यमुना सतराची झाली, रिसोडचं स्थळ पाहायला येणार म्हणून निरोप आला, आणि मला एकच धास्ती पडली. डोळ्याची नव्हे, मेणबत्तीची. म्हणून त्या दिवशी सकाळीच मी भाऊंना म्हणालो, "पाहुण्यांच्या दुधाले केशर पायजे. शिरपूरच्या शेठजीकडचंच पायजे. तुमच्याशिवाय पारख कोणाले हाय?"

भाऊ खुलले. मिळेल त्या बैलबंडीनं निघाले. दिवसभराची वाट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी केशर मिळत होतं.

यमुनेला मी खिडकीशी तिरपी बसवली. उजवी बाजू पाहुण्यांकडे, मान खाली, डाव्या गालावर पदर. तीन दिवस तिची तालीम घेतली होती, वर्गात कविता पाठ करून घ्यावी तशी. तिनं एवढंच विचारलं, "बाबा, लग्न झाल्यावर बी अशीच बसू काय?"

"गप बस," मी म्हणालो.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. सुपारी पुढच्या आठवड्यात ठरली.

दिवस मावळताना भाऊ आले, गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. धोतराच्या गाठीतून केशराची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि मग ओसरीवरच्या रिकाम्या कपबशा पाहिल्या. त्यांना सगळं समजलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मले सांगतलं असतं तं मेणबत्ती घरी ठेवली असती, गुरुजी." ते पायरीवर टेकले. "माह्या बायकोले बी अशीच बसवली होती. एका अंगानं. लग्न लागल्यावर म्या तोंड पाह्यलं. महिन्यात तिच्या माहेरी, रिठदले, नेऊन सोडली. मंग नौकरी लागली, अन् पयल्याच आठवड्यात साहेबानं तिच्या वयाच्या बाईचा डोळा अर्ध्या तासात सरळ केला. तसाच पळत गेलो घ्याले. ती म्हने, आता कायले?"

"मग?"

"मंग काय? ती तिथंच राह्यली. मी हा असा फिरून राह्यलो."

वीस वर्षं मी या माणसाची नक्कल करून शाळेतल्या मास्तरांना हसवत होतो. माझी मान वर होईना.

सकाळी मी रिसोडला पत्र टाकलं: मुलीचा डावा डोळा तिरळा आहे, मी तो लपवला, पुढचं तुम्ही ठरवा. मग आम्ही तिघं नागपूरला गेलो. डॉक्टरांनी यमुनेच्या डोळ्यात थेंब घालून तो बधिर केला आणि आतला कासरा सोडून मागे बांधला. पट्टी होती तितके दिवस भाऊ तिच्या खाटेशी बसून होते. रिसोडचं उत्तर आलं नव्हतं.

पट्टी निघाली त्या दिवशी भाऊंनी मेणबत्ती पेटवली. पण हात असा थरथरायला लागला की ज्योत जागेवर ठरेना. शेवटी यमुनेनंच त्यांचं मनगट धरलं, आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"हाय मधोमध," भाऊ म्हणाले. आणि मेणबत्ती विझवायची सोडून रडत बसले.