उकंडरावांचं एकशे सेहेचाळीस

आमच्या उकंडरावकाकांना जगाच्या इतिहासातलं फक्त एक साल येतं. इसवी सनाच्या आधीचं एकशे सेहेचाळीस. त्या साली रोमने कार्थेज जाळलं आणि त्याच साली कॉरिंथ लुटलं. काका हे असं सांगतात, जणू आग लागली तेव्हा डबल घंटी मारून ते स्वतः गाडी घेऊन तिथून निघाले होते. एकशे पंचेचाळीस साली काय झालं, हे मात्र विचारू नका. "तो माहा रूट नाई," म्हणतील आणि तोंड फिरवतील.

काका एसटीत कंडक्टर होते. मंगरुळपीर-कारंजा गाडीत एकदा सीटवर एक जाडजूड पुस्तक राहिलं. कव्हर नाही, लेखकाचं नाव नाही, मजकूर सगळा त्या एकाच सालाचा. डेपोत जमा केलं, पण न्यायला कोणी आलं नाही. शेवटी साहेबांनी ते काकांच्याच हातात ठेवलं. उद्या मालक आलाच, तर तो खराच मालक आहे का हे तपासायला आतलं काही विचारावं लागेल, म्हणून काकांनी ते वाचायला घेतलं. मालक आला नाही. वाचन निवृत्तीनंतरही चालू आहे.

याचा त्रास अख्ख्या गावाला आहे. सोयाबीनवर अळी दिसली की काका म्हणणार, "कार्थेजलेबी असंच वाटलं होतं, काई होत नाई म्हनून." पंगतीत बसलेल्या नवरदेवाला त्यांनी कॉरिंथ ऐकवलेलं आहे. ती त्यांची लाडकी गोष्ट. रोमच्या सेनापतीने लुटीतल्या मूर्ती आणि चित्रं जहाजावर चढवली आणि नेणाऱ्यांना दम दिला, की एक जरी हरवलं तरी तसंच नवीन आणून द्यावं लागेल. "नवीन! शेकडो वर्षं जुनी मूर्त, आन म्हने नवी आनून दे!" एवढं बोलून काका खोकला येईपर्यंत हसतात. समोरचा हसत नाही. सामान हरवण्यातली मजा कंडक्टरशिवाय कोणाला कळत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

मी त्यांना टाळत असे. मी पत्रकं लिहिणारी, सह्या गोळा करणारी, साहेबलोकांशी भांडणारी. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या शहरांसाठी मला वेळ नव्हता. खोटं कशाला बोलू, काकांना मी बिनकामाचा माणूस समजत होते.

मग आमच्या शाळेवर पाळी आली. आधी सहावी-सातवीची पोरं दुसरीकडे नेली, "पटसंख्या कमी" म्हणून. गावाने मान डोलावली. मग कॉम्प्युटर आणि प्रयोगाचं कपाट नेलं, "तात्पुरतं" म्हणून. गावाने ते उचलून गाडीत ठेवायला मदत केली! आणि एका शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब तिसरा कागद घेऊन गावसभेत आले. उरलेली शाळाही बंद, पोरं पंधरा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत, न्यायला-आणायला फुकट बस. खाली पालकांच्या सह्या हव्या.

मी सहा पानी पत्रक वाटलं. शिक्षणाचा हक्क, शासनाचं कर्तव्य, सगळी कलमं. लोकांनी त्याची घडी घालून खिशात ठेवली. फुकट बस म्हटल्यावर पेन हातोहात फिरायला लागला होता.

तेवढ्यात मागून काका उठले. "साहेब, एक सांगू का?"

"आलं एकशे सेहेचाळीस!" कोणीतरी ओरडलं. सभा हसली. मी कपाळावर हात मारला.

"गाडी तीन वर्सं आंधी सुटली होती," काका म्हणाले. "पोचली एकशे सेहेचाळीसले. रोमवाले पैले म्हने, तुमच्या मोठ्या घरचे तीनशे पोट्टे आमच्याकडं ठेवा, मंग भांडन नाई. कार्थेजनं देल्ले. मंग म्हने, हत्यारं द्या. तेबी देल्ले, सोता गाड्या भरून. मंग म्हने, आता गाव सोडा, समुद्रापासून दहा मैल आत जाऊन ऱ्हा." ते माझ्याकडे वळले. "दहा मैल म्हंजे किती वं पोरी?"

"सोळा किलोमीटर," मी म्हटलं.

"आपल्याले पंधरा सांगून राह्यले. एकाची सूट हाय."

या वेळी कोणी हसलं नाही. पेन जिथे होता तिथेच थांबला. काकांनी साहेबांना विचारलं, "चौथा कागद कोनता हाय? तो आजच दाखवा."

"चौथा कागद नाही, बाबा."

"मंग बस बंद पडली तं काय कराचं, ते या कागदावर काहून नाई?"

साहेब कागद चाळायला लागले. बायांमध्ये बसलेल्या रुख्माकाकूने शेजारणीच्या हातातला पेन काढून घेतला. "आमी नाई करत सही," ती म्हणाली. एकामागून एक बाया उठल्या. चार सह्यांवरच कागद परत गेला. तो पुन्हा आला नाही, शाळा आजही भरते. माझ्या सहा पानांना जे जमलं नाही, ते कव्हर नसलेल्या पुस्तकाने केलं, हे मी इथे लिहून ठेवते.

सभेच्या दुसऱ्या दिवशी आभार मानायला काकांकडे गेले. त्यांचं घर शाळेसमोरच. दहा वाजून गेले होते. काका खुर्चीत बसलेले, गॅसवरचं भांडं कोरडं.

"चहा झाला का काका?"

"आज रविवार हाय."

"मग?"

त्यांनी रस्त्यापलीकडच्या शाळेच्या कुलपाकडे बोट दाखवलं. "तुही काकू वारल्यापासून घरात कोनाचा आवाज नाई. पोट्टे प्रार्थना सुरू करतात, तवा मी चहा ठेवतो. त्यांची प्रार्थना झाली का माहा चहा झाला. रविवारी एकट्यासाठी कोन ठेवते?"

"आणि दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत?"

काकांनी शेजारचा रिकामा कप पालथा घातला.

"हे काल सभेत का नाही सांगितलं?"

"साहेबानं लिहून घेतलं असतं का हे?"

मी उठले, पाणी मोजलं, गॅस पेटवला. साखर, चहापत्ती टाकली. उकळी आल्याबरोबर गाळणी हातात घेतली, तसे काका खुर्चीतून म्हणाले, "घाई नोको करू वं. प्रार्थना लंबी असते."