धबधब्याची वेळ

“तुम्ही तो धबधबा डोळ्यांनी बघितलाय ना, की पुस्तकात?” शालनने फडक्यात भाकऱ्या बांधता बांधता नवऱ्याला विचारलं.

“डोळ्यांनी. श्रावणात ऑफिसातले सगळे गेलो होतो,” आनंदा म्हणाला.

“मग ठीक. आबा आल्यापासून त्यांना तुमची एक गोष्ट पटलेली नाही. आज तरी पटू दे.”

आनंदालाही तेच हवं होतं. त्याचे सासरे हिंदुराव माण तालुक्यातले, कोरडवाहू शेती करणारे. लेक-जावयाच्या कात्रपमधल्या दीड खोलीत पुस्तकांचं कपाट बघून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “ह्यातलं काय परतेक्ष बघितलंय का, पाव्हणं?” आनंदाला उत्तर सुचलं नव्हतं. म्हणून जानेवारीतल्या त्या रविवारी तिघं खरवईच्या पुढे, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांच्या बांधावरून डोंगराकडे निघाले. आनंदा वाटभर सांगत होता. तुषार, इंद्रधनुष्य, शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये असा आवाज. हिंदुराव नुसतं “हं” म्हणत होते.

शेवटच्या वळणावर शालनच्या बांगड्यासुद्धा स्वच्छ ऐकू येत होत्या.

कडा होता. काळाभोर, मान दुखेल इतका उंच. पाणी नव्हतं. मधल्या महिन्यांत पाऊस थांबला होता हे आनंदाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्या मनातला धबधबा भिंतीवरच्या चित्रासारखा बारमाही पडत होता.

“कुठाय?” हिंदुरावांनी विचारलं.

ज्याला वेळेवर कधीच काही सुचत नसे, त्याला नेमकं तेव्हा सुचलं. “वरून सोडतात,” आनंदा म्हणाला. “दुपारी.”

शालनने लगेच मान डोलावली. कात्रपला पाणी पहाटे सोडत, तेही एक दिवसाआड. डोंगराला दुपारची वेळ दिली असेल, हे तिला रास्तच वाटलं. हिंदुराव दगडावर टेकले.

थोड्या वेळाने उल्हासनगरच्या कॅम्पातले चेतनदास आपलं सगळं कुटुंब आणि रॉकेलचा स्टोव्ह घेऊन पोचले.

“भाऊ, पाणी किधर है?”

“दुपारी सोडतात,” शालन म्हणाली.

“अच्छा, टायमिंग है.” चेतनदासांना मुळीच नवल वाटलं नाही. “आमच्या कॅम्पात पण असंच. बोलते दोपहर, येते रात को.” त्यांनी कड्याखाली एक रिकामी बाटली उभी केली. “नंबर लगा देता हूँ.”

नंबर म्हटल्यावर शालन उठली. आधी आलो आपण. तिने आपली बाटली त्यांच्या बाटलीपुढे नेऊन ठेवली. तेवढ्यात अंबरनाथ पश्चिमेच्या बायकांचं एक मंडळ आलं. त्यांनी कुणाला काही विचारलंच नाही. रांग दिसताच बाटली, डबा, थर्मासचं झाकण, हाती लागेल ते लावलं.

“ओ बाई, हा डबा मध्येच कुठून आला?”

“तो होताच इथं. बाटली तुमची सरकली.”

“आम्ही काय आज पाणी भरायला शिकलोय का?”

“अगं भांडू नका. आज रविवार, प्रेशर तसंही कमीच असणार.”

दुपार कलायला लागली आणि कुरबुर वाढली. वेळ आनंदाने सांगितली असं शालनकडून कळलं, म्हणजे वरच्या लोकांत त्याची ओळख असणार, असं सर्वांचं एकमत झालं. “जरा वर जाऊन सांगा ना कुणाला तरी,” एक बाई म्हणाली. खरं सांगून टाकावं म्हणून आनंदा सासऱ्यांना शोधू लागला.

हिंदुराव कड्याच्या अगदी बुडाशी होते. चपला बाजूला काढलेल्या, पटका हातात. पायाशी हिरवंगार, तळ न दिसणारं कुंड. ते कड्याच्या खोल पन्हळीवरून तळवा फिरवत होते. तिथला कातळ झिजलेल्या पाट्यासारखा गुळगुळीत होता, आणि ती पन्हळ तशीच वर वर, पार आभाळापर्यंत गेली होती. आनंदाने वर पाहिलं आणि तोही बघतच राहिला. श्रावणात पाण्याच्या गडबडीत त्याला हे दिसलंच नव्हतं.

“ह्यो दगूड पाण्यानं कापला?” हिंदुरावांनी हळूच विचारलं.

“हो.”

“हिरीसाठी म्या सुरुंग लावलं, तरी फुटंना. आन हितं नुसत्या पाण्यानं.” त्यांनी कातळावरचा हात काढला नाही.

“मामा, मी खोटं बोललो. पाणी कुणी सोडत नाही. ते पावसाळ्यातच असतं.”

“ठाव हाय. शेतकरी हाय मी.”

मागून मंडळी येऊन ठेपली होती. हिंदुराव वळले आणि पटका बांधत खणखणीत आवाजात म्हणाले, “आज येत न्हाई. वर काम चालू हाय. पावसाळ्यात सुरू हुईल.”

“मग आधी सांगायला काय झालं होतं?” असं पुटपुटत सर्वांनी आपापली भांडी उचलली. कारण मिळाल्यामुळे कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. चेतनदासांनी सगळ्यांना दालपकवान वाटलं.

परतताना हिंदुराव तीनदा मागे वळून थांबले. खरवई दिसू लागल्यावर म्हणाले, “पाव्हणं, तुमचं खरं. त्ये पाणी पडताना बघायलाच पायजे.”

आनंदाची छाती फुगली. “बघाच एकदा, मामा.”

“बघतो की. शाले, गावाकडं सांगावा धाड. म्हणावं, आता पाऊस बघूनच येतो.”

शालनने नवऱ्याकडे पाहिलं. आनंदाने आभाळाकडे पाहिलं. जानेवारी नुकताच लागला होता, आणि कुठे एक ढग नव्हता.