हाताला काहीही झाले नाही

रिठदकडच्या एका गावात, गुरांच्या दवाखान्यातला परिचर चंपत याच्या उघड्या हातावर द्रवनत्र सांडले आणि हाताला काहीही झाले नाही. ही बाब वरिष्ठांनी अत्यंत गांभीर्याने घेतली.

द्रवनत्र म्हणजे द्रवरूप नायट्रोजन, कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांड्या ज्यात बुडवून ठेवतात ते. बर्फालाही हुडहुडी भरावी इतके थंड! चंपतच्या हातावर ते तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखे टणाटण नाचले आणि घरंगळून गेले. चंपतने बोटे हलवून पाहिली आणि घरी जाऊन म्हशीची धार काढली. म्हैस महानखरेल, चंपतखेरीज कोणाला आचळाला हात लावू देत नसे. अर्धा संसार तिच्या दुधावर चालायचा.

"अंगाच्या गरमीनं त्याची वाफ होते," डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमनी त्याला समजावले. "ती मधात येते, म्हणून ते कातडीले टेकतच नाही. पण एका जागी थांबलं ना, तर मांस गोठते, जाळल्यावानी फोड येतात."

"म्हंजे घरंगळलं पायजे, इतकंच ना?"

"इतकंच."

गोष्ट इथेच संपायची. पण वाशीमला जिल्हा कार्यालयात सुरक्षा सप्ताह तोंडावर आला होता आणि तिथल्या साहेबांना आदर्श कर्मचारी मिळत नव्हता. अपघात होऊनही इजा नाही, याहून मोठी सुरक्षा कोणती? चंपतचा जाहीर सत्कार ठरला. सत्कारात प्रात्यक्षिकही ठरले. चंपतच्या बायकोने, गिरजाबाईने, कपाळावर हात मारून घेतला.

"अवो, एकदा वाचले ना? मंग परत काहून चालले मराले?"

"शाल भेटून राह्यली, गिरजे. नारळ बी हाय."

"नारळ घरी पडला हाय! हात कुठून आनसान?"

नवऱ्याने ऐकले असते तर तो नवरा कसला! चंपत इस्त्रीचा सदरा घालून मंचावर चढला आणि त्याने बाही सारली. साहेब दचकले.

"उघड्या हाताने? सुरक्षा सप्ताहात?"

वाटपासाठी आणलेले जाड सुती हातमोजे ताबडतोब पुढे आले. मॅडम धावल्या. "सर, मोजा पिऊन घेईल ते. त्यापेक्षा उघडा हात बरा."

"मॅडम," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "हातमोज्यापेक्षा उघडा हात सुरक्षित, हे वाक्य निदान या आठवड्यात तरी बोलू नका."

मोजा चढला. द्रवनत्र ओतले गेले. ते काही घरंगळले नाही. मोज्याने घटाघटा पिऊन घेतले आणि तो लाकडासारखा कडक झाला.

"अगा माय वो!" चंपत उड्या मारू लागला. लोकांना वाटले, गडी सत्काराने नाचतोय. टाळ्या झाल्या, फोन वर झाले. मॅडमनी मोजा ओढून काढला तोवर बोटे पांढरीफटक पडली होती.

साहेबांनी मोजा उचलला, उलटसुलट पाहिला आणि माईकवर सांगितले, "बघा! मोज्याला काहीही झालेलं नाही!"

मोजे सगळ्यांना सक्तीचे झाले. चंपतची दोन बोटे अजून वाकत नाहीत. गिरजाबाई धार काढायला बसते, लाथ खाते, शिव्या देते आणि रिकामी बादली घेऊन उठते. कोपऱ्यात शाल पांघरून चंपत खाली मान घालून बसलेला असतो.

त्याच्या नाचाचा व्हिडिओ तुम्हालाही आला असेल. पोट धरून हसलात आणि चार जणांना पुढे पाठवलात, नाही का? तुमच्याही हाताला काहीही झाले नाही.