रुक्मिणीबाईंचं मौनव्रत

हिलाल पाटलांच्या घरात भाषेची हद्द उंबरठ्यावर होती. आत अहिराणी, बाहेर पाऊल पडलं की गुजराती. बायको जयश्री जिन्यात चुकून "अहो, डबा ऱ्हायना ना!" असं ओरडली, तरी हिलालभाऊ डबा न घेताच सचिन गावच्या मिलमध्ये निघून जायचे. दिवसभर उपाशी राहू, पण बिल्डिंगमध्ये खान्देशी ठरायचं नाही, असा त्यांचा निश्चय होता.

आम्हा सुरतेतल्या खान्देशी मंडळींचं हे असंच आहे. बमरोलीच्या कामगार वस्तीत राहत होतो तेव्हा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत अहिराणीत भांडत होतो आणि कुणाला काही वाटत नव्हतं. अडाजणला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये आलो आणि आमच्या तोंडाला एकदम कुलूप लागलं. कुणी लावलं म्हणाल, तर आमचं आम्हीच. हिलालभाऊंनी तर त्यावर अजून एक कडी घातली होती.

त्याला कारणही होतं. भाड्यानं राहत होते तो फ्लॅट त्यांना विकत घ्यायचा होता. मालक तयार होता, बँक तयार होती. फक्त सोसायटीच्या कमिटीची मंजुरी हवी होती. आपण बमरोलीचे खान्देशी आहोत हे कळलं, तर कमिटी नाक मुरडणार, अशी हिलालभाऊंची खात्री होती. त्यांना असं कुणी सांगितलं नव्हतं. कमिटीतल्या कुणी कधी नाक मुरडलंही नव्हतं. पण खात्रीला पुरावा लागतो असं थोडंच आहे?

म्हणून ते भाजीवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांशी दणकून गुजराती बोलत. त्यांची गुजराती म्हणजे अहिराणी वाक्य घाईघाईनं म्हणायचं आणि शेवटी जोरात 'छे' लावायचं. समोरचा माणूस हसून मान डोलवायचा. त्या हसण्याचा अर्थ 'वा, काय अस्सल सुरती आहे!' असा आहे, अशी हिलालभाऊंनी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

आणि नेमक्या मंजुरीच्या महिन्यात पारोळ्याहून आई आली.

रुक्मिणीबाई उधन्याला गाडीतून उतरल्या तेव्हाच अख्ख्या फलाटाला कळलं. उभा जन्म त्यांनी या बांधावरून त्या बांधावर बोलण्यात घालवला होता. त्यांचा हळू आवाजसुद्धा दोन शेतं ओलांडून जात असे.

रिक्षात बसताबसता हिलालभाऊ म्हणाले, "माय, आठे जरा हळू बोल."

"काबर?"

"लोके आयकतंस."

"मंग आयकू दे! मी काय कोन्हले शिव्या देस?"

बिल्डिंगखाली आले. लिफ्टमध्ये शिरताच रुक्मिणीबाईंनी भिंतींना हात लावून पाहिला. "हाई काय शे रे? कोठी शे का खोली?" एवढ्यात दार बंद होता होता तिसऱ्या मजल्यावरच्या भानुबेन आत आल्या. देरासरातून, म्हणजे जैन मंदिरातून, परत येत होत्या. वय झालेलं, गुडघे दुखणारे, पण चेहरा प्रसन्न. पुढे जे झालं ते झालं. गुजराती बोलणं आता मराठीतच सांगतो, आईला म्हणतात ते 'बा' तेवढं ठेवतो; हिलालभाऊंची गुजराती जशीच्या तशी लिहिली तर वाचणाऱ्याला त्रास होईल.

"बा आल्या वाटतं!" भानुबेन म्हणाल्या. "कशा आहात, बा?"

रुक्मिणीबाईंनी उत्तर द्यायला छाती भरून श्वास घेतला. तो श्वास हिलालभाऊंनी ऐकला आणि ते दोघींच्या मध्ये घुसले.

"बाने मौन छे!" ते ओरडले.

"मौन?"

"हो. व्रत. बोलणं पूर्ण बंद."

भानुबेनचे डोळे भरून आले. "या वयात! किती दिवस?"

"अगियारस सुधी," म्हणजे एकादशीपर्यंत, असं हिलालभाऊंच्या तोंडून निघून गेलं. खरं म्हणजे त्यांना 'संध्याकाळपर्यंत' म्हणता आलं असतं. पण घाबरलेला माणूस थाप मारताना कंजुषी करत नाही. भानुबेननी लिफ्टमध्येच हात जोडले. रुक्मिणीबाई आ वासून लेकाकडे बघत राहिल्या. त्या तशाच राहिल्या ते एक बरं झालं.

घरात दार लागल्यावर मात्र अडवलेला श्वास सुटला. "अरे मेल्या! मी मुकी शे का? मी बोलसू नही ते काय करसू? तोंडमा बोळा घालीसन बठू?"

हिलालभाऊंनी आईचे पाय धरले आणि फ्लॅटची सगळी गोष्ट सांगितली. रुक्मिणीबाईंनी ऐकून घेतली. मग विचारलं, "घर तुन्हा नाववर व्हई ना?"

"व्हई, माय."

"मंग ऱ्हासू मी मुकी."

इतकं सरळ उत्तर ऐकून हिलालभाऊंना क्षणभर स्वतःची लाज वाटली. पण तेवढ्यात बेल वाजली आणि लाज वाटून घ्यायला वेळ उरला नाही.

दारात भानुबेन होत्या, आणि सोबत चार बायका. त्यांच्यात कुणी तप करत असलं की विचारपूस करायला जायची रीत असते, 'शाता' विचारायला. प्रत्येकीनं खडीसाखर, पेढे, नारळ असं काही ना काही आणलं होतं. बायका समोर बसल्या आणि रुक्मिणीबाईंच्या चेहऱ्याकडे भक्तिभावानं बघू लागल्या. बोलायला मिळत नाही म्हणून तो चेहरा लालबुंद झाला होता. बायकांना ते तपाचं तेज वाटलं.

दुसऱ्या दिवशी आणखी जणी आल्या. न बोलणाऱ्या माणसापुढे लोक फार बोलतात. कुणी सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं, कुणी सासूचं. एकदा एकाच घरातल्या सासू-सुना एकामागोमाग येऊन एकमेकींचं सांगून गेल्या. रुक्मिणीबाईंनी दोघींसाठीही सारखीच मान हलवली. दोघींना वाटलं, बांनी आपली बाजू घेतली. त्या घरात शांतता झाली आणि बांची कीर्ती पाचव्या मजल्यापर्यंत पोचली.

"माय, त्यासनं बोलनं तुले समजस का?" जयश्रीनं विचारलं.

"न समजाले काय झायं? आपलामायकच तं बोलतंस," रुक्मिणीबाई पेढा खात म्हणाल्या. त्यांच्या कानाला ती बोली आपल्यासारखीच वाटत होती.

पण पेढ्यानं जीभ गोड होते, मोकळी होत नाही. पारोळ्याहून लेक मनीषाचा फोन आला की रुक्मिणीबाई बाथरूममध्ये जायच्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडायच्या आणि पोटभर बोलायच्या. मनीषाकडे सांगण्यासारखं खूप असायचं, रुक्मिणीबाईंकडे त्याहून जास्त. परिणामी सोसायटीची टाकी दुपारीच कोरडी पडू लागली. वॉचमन पाण्याचा माग काढत थेट हिलालभाऊंच्या दारात आला.

"बा त्रिकाळ स्नान करतात," हिलालभाऊ म्हणाले.

आता मात्र बाजूच्या बिल्डिंगमधूनही लोक यायला लागले.

जयश्री हसू दाबत म्हणाली, "अजून एखादी थाप मारा, म्हणजे खाली बांनं देऊळ व्हई जाई."

देऊळ झालं नाही, पण चेअरमन धनसुखभाई आले. त्यांना बघून हिलालभाऊ उभेच राहिले. धनसुखभाईंनी बांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "हिलालभाई, अगियारसला आपण खाली हॉलमध्ये बांचं पारणं करू. सगळी सोसायटी येईल. मौन सुटताना जो पहिला शब्द निघतो तो आशीर्वाद असतो. तो सगळ्यांच्या कानावर पडायला हवा. मी माइक सांगून ठेवलाय."

"माइक?" हिलालभाऊंनी विचारलं.

"नवरात्रीचाच. आणि त्या दिवशी कमिटी जमणारच आहे, तर तुमच्या फ्लॅटचंही तिथेच उरकून टाकू."

म्हणजे जो आवाज दाराबाहेर जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, तो आता स्पीकरवरून जाणार होता, आणि तोही कमिटीपुढे. हिलालभाऊंना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून त्यांनी आईची शिकवणी सुरू केली.

"माय, फक्त इतलं बोल. 'सौनुं भलुं थजो.' सगळासनं भलं होवो, बस. मंग हात जोडी दे."

"सौनुं भलुं थजो," रुक्मिणीबाई पहिल्याच झटक्यात म्हणाल्या, आणि तेही लेकापेक्षा स्वच्छ. "आते मी पेढा खाऊ?"

एकादशीला हॉल गच्च भरला. रुक्मिणीबाई इरकली नेसून खुर्चीत बसल्या होत्या. समोर माइक. पहिल्या रांगेत कमिटी. हिलालभाऊ आईच्या मागे उभे राहून ओठातल्या ओठात 'सौनुं भलुं' पुटपुटत होते. जयश्री खांबाआड पदर तोंडात धरून उभी होती.

पारणं करवायचा मान भानुबेनचा. त्यांनी मुगाच्या पाण्याचा चमचा बांच्या तोंडाला लावला. मग वाटी बाजूला ठेवली आणि पाया पडायला म्हणून त्या खाली वाकू लागल्या. गुडघे वाकेनात. एक हात खुर्चीला धरून, दात आवळून, त्या इंच इंच खाली येत होत्या.

रुक्मिणीबाईंनी ते पाहिलं. आपल्यापेक्षा थोरली बाई, दुखऱ्या गुडघ्यांनी, एका थापेच्या पाया पडतेय! त्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी पटकन भानुबेनचे दोन्ही हात धरले, आणि बांधावरचा आवाज माइकमधून घुमला.

"आवं माय, ऊठ! मन्हा पाय नको धरू! मी काही व्रत-बित करेल नही शे. मन्हा आंडोरले मन्ही बोलीनी लाज वाटस, म्हनीसन त्यानी मन्हं तोंड बंद करं. तुम्ही भला लोके शेतस. तुम्हना पेढा खायात, आते खोटं कसं बोलू?"

 स्पीकरच्या आवाजानं बाहेरची कबुतरंसुद्धा उडाली.

हिलालभाऊंनी माइकवर झडप घातली. अजूनही त्यांना वाटत होतं की वेळ गेलेली नाही. "ही फार जुनी भाषा छे," ते घाम पुसत म्हणाले. "तपाच्या शेवटी आपोआप येते. बा म्हणतात, सर्वांचं कल्याण होवो."

"नाही," धनसुखभाई जागेवरूनच म्हणाले. "बा म्हणतात, तुम्हाला त्यांच्या बोलीची लाज वाटते. आणि पेढ्यांचंही काहीतरी म्हणाल्या."

"तुम्हाला... समजलं?"

"सगळं समजलं. न समजायला काय झालं?" धनसुखभाईंनी मागे वळून विचारलं, "कुणाला नाही समजलं?"

एकही हात वर झाला नाही.  हिलालभाऊ स्टेजच्या कडेला बसले आणि बारीक आवाजात म्हणाले, "आम्ही खान्देशी आहोत."

"ते तुम्ही राहायला आलात त्याच दिवशी कळलं," धनसुखभाई म्हणाले. "अशी गुजराती कुणी गुजराती बोलेल का? पण तुम्ही इतक्या हौसेनं बोलायचात, मग आम्हीही कुणी काही बोललो नाही. एवढ्यानं तुम्हाला बरं वाटतंय, तर वाटू दे म्हटलं."

हॉलमध्ये हसण्याची लाट आली. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, हे हिलालभाऊंना जास्त झोंबलं. ज्यांच्यापासून एवढी वर्षं लपलो, ते आपल्याला सांभाळून घेत होते! खांबाआडून जयश्रीचं खुलं हसू पहिल्यांदाच ऐकू आलं.

"म्हणजे आता फ्लॅट..." हिलालभाऊंनी विचारलं.

कमिटीनं एकमेकांकडे पाहिलं. धनसुखभाई उभे राहिले. "फ्लॅटला मंजुरी. पण कमिटीची एक अट आहे, आणि ती आज माइकवर सांगतो. इथून पुढे मीटिंगमध्ये तुम्ही तुमच्या भाषेतच बोलायचं. गेल्या वर्षी तुम्ही उभे राहून गच्चीच्या गळतीवर बोललात. आम्ही सगळ्यांनी माना डोलवल्या आणि लिफ्ट दुरुस्त करून घेतली. गच्ची अजून गळतेय."

टाळ्या पडल्या. 'हिलालभाई, बोलो, बोलो' असा गजर झाला. हिलालभाऊ उठले. डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते चारचौघांत, माइकवर, आपल्या आईच्या भाषेत बोलणार होते. त्यांनी घसा साफ केला आणि अगदी मनापासून आभाराची दोन वाक्यं अहिराणीत म्हटली.

निदान त्यांना तरी ती अहिराणी वाटली; माइकपुढे सवयीनं ती घाईघाईत निघाली होती आणि शेवटी जोरात 'छे' लागलंच होतं. सोसायटीला सगळं समजलं, सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. फक्त रुक्मिणीबाईंनी भुवया आक्रसल्या, शेजारी बसलेल्या भानुबेनना कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "काय बोलना वं हाऊ?"

मग भानुबेननी त्यांना हळूहळू, एकेक शब्द सोडवून, समजावून सांगितलं.