गंगेचं बाळंतपण

कमळा रीतसर शिकून सुईण झाली. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण १९३१ सालच्या फाल्गुनात तसं काही होण्याचं चिन्ह नव्हतं.

कमळा पालीची, चौथी पास. तिला रत्नागिरीच्या सुईण-वर्गात जायचं होतं. ते न जमल्यास तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे भागोजींनी, दुसरी सोय करून ठेवलीच होती: पुढच्या आगबोटीनं मुंबई, आणि तिथं नवऱ्याच्या खोलीवर राहणाऱ्या यच्चयावत गाववाल्यांच्या भाकऱ्या.

वर्गाची अट साधी होती. बाईला लहान मूल नसावं आणि तिनं एक तरी बाळंतपण जवळून पाहिलेलं असावं. कमळाला मूल नव्हतं. अर्धं काम झालं म्हणून ती आनंदानं गावच्या जुन्या सुईणीकडे, गोदूबाईकडे गेली.

"मावशी, मला येकदा खोलीत घ्या. नुसती कोपऱ्यात बसेन."

"अगो, तुला पोर नाय. बिनपोराच्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत घेत नायत."

"मग शिकू कशी?"

"आधी आपण बाळंत हो."

"मग वर्गात घेत नायत!"

"नायतर नायत. मी गेलवते काय वर्गात?"

"मावशी, वैदाला काय सगळे रोग होऊन गेलेले असतात?"

"म्हणून तर त्याचे रोगी मरतात," गोदूबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

थोडक्यात, मूल असेल तर वर्गाला चालेना आणि नसेल तर गोदूबाईला. तरीही देशात माणसं जन्माला येतच होती, हा केवळ त्यांचा आगाऊपणा.

कमळानं थेट वर्गाच्या कमिटीचे अध्यक्ष भाऊसाहेब वकील यांचं घर गाठलं. भाऊसाहेब अंगणात येरझाऱ्या घालत होते. मागे गोठ्यात त्यांची म्हैस गंगा अडली होती.

"काय गो, तू सुईण ना?"

"नाय. तेच सांगायला आलेय."

"ते मागाहून सांग! आधी आत जा!"

कमळानं म्हशीची शेपटी धरली आणि डोळे गच्च मिटले. गंगेनं मान वळवून तिच्याकडे एकदा पाहिलं, इथून काही मदत होणार नाही हे ओळखलं आणि आपलं आपण उरकून घेतलं. पारडी झाली. भाऊसाहेब गहिवरले.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली.

"म्हैस चालेल?" पेन्शनर रावजी मास्तरांनी विचारलं.

"अटीत बाळंतपण म्हटलंय. कुणाचं ते म्हटलेलं नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"पण बिनपोराची बाई गंगेला चालली?"

"तिनं हरकत घेतली नाही."

कमळाला प्रवेश मिळाला. आगबोट तिच्यावाचून सुटली. मग मास्तरांना आठवलं की बाळंतपण हिशेबात धरायचं तर बाळंतिणीच्या नवऱ्याची संमती लागते. भाऊसाहेब पडले कायद्याचे माणूस. त्यांचा चेहरा उतरला.

"मग मी घरी जाऊ काय?" कमळानं घाबरून विचारलं.

"छे! सही येईपर्यंत वर्गात तात्पुरती बस."

"नि नायच आली तर?"

"तर तात्पुरती पास हो."

त्याच संध्याकाळी गोठ्याच्या दारावर नोटीस लागली:

"गंगा म्हैस हिच्या यजमानांस विनंती करण्यात येते की, त्यांनी कचेरीच्या वेळेत, ओळख पटविण्यास एका सभ्य गृहस्थासह समक्ष हजर राहून, संमतीची सही करून द्यावी. अंगठा चालणार नाही."